हे बिल नाही

ऑगस्टात पाकिटं जातात
आणि तिसऱ्या दिवशी माझ्या काउंटरपुढे रांग लागते.
फ्लोरिडातलं आमचं गाव लहान, खाडीकडेचं.
काउंटीच्या कचेरीत एसी दांडगा, खुर्च्या नऊ.

आधी मी सगळ्यांना एकच ओळ वाचून दाखवतो,
सगळ्यात जाड अक्षरांतली,
म्हणूनच बहुतेक कुणी न वाचलेली:
हे बिल नाही.
तरी म्हातारा स्ट्रिकलंड चेकबुक काढतोच.
कोळंबीच्या बोटीवर जन्म गेला,
देणं अंगावर ठेवून त्याला झोप येत नाही.
"ठेव ते," मी म्हणतो, "अजून कुणी काही मागितलं नाही.
मागणार आहोत, एवढंच कळवलंय."

रकाने तीन.
गेल्या वर्षी काय भरलंत.
यंदा कुणी खर्च वाढवलाच नाही, तर काय.
वाढवला, तर काय.
माणसं थेट शेवटच्यावर उडी घेतात
आणि तोंड पाडून मागे येतात.
मधला कुणी बघत नाही.
खरं भांडण तिथं आहे,
दोन आकड्यांमधल्या त्या फटीत,
जिथं सभेची वेळ दिलेली असते:
संध्याकाळी पाच वाजून एक मिनिट.
सभा पाचनंतर घ्यावी असा नियम आहे.
एक मिनिट आमच्याकडून.

मंगळवारी व्हर्लीन टेटम आली.
तीस वर्षं शाळेची बस चालवलेली बाई.
नोटिशीची चौकोनी घडी,
वर नाव अजून थर्मनचंच.
"किंमत वाढली कशी? मी तर काही वाढवलं नाही.
एक लिंबाचं झाड होतं, तेही वाळलं."
शेजारचं घर विकलं गेलं, मी सांगितलं,
अटलांटाच्या कुणा दंतवैद्यानं घेतलं, न बघताच.
त्याचा पैसा तुमच्या भिंतींना लागला.
राहत्या घराला दोर बांधलेला असतो,
कराची किंमत तेवढी चढत नाही, पण चढते.
"मला विकायचं नाही."
"माहीत आहे."
"मग माझ्या घराचं मोल त्याला कुठून कळलं?"
याचं छापील उत्तर माझ्या खणात आहे.
खण उघडला नाही.

स्क्रीनवर घराचं कार्ड काढलं.
साध्या रेघांचा नकाशा: खोल्या, गॅरेज,
मागे जाळीची पडवी, वीस बाय बारा.
"पडवी?" ती म्हणाली.
"ती तर वादळात गेली. चार वर्षं झाली.
एक खांब मिरलांदच्या अंगणात सापडला.
खुर्च्या नाहीच सापडल्या. दोन होत्या."

आम्ही मात्र तिला दरवर्षी मोजत होतो,
घसारा धरून दरवर्षी थोडी जुनी करत होतो.
डास नियंत्रण मंडळसुद्धा
त्या नसलेल्या जाळीवर आपले चार सेंट घेत होतं.

मी खोडायला माउस नेला.
तिनं हात काउंटरवर टेकला.
"जरा थांब. हे छापून मिळेल?"
"दुरुस्त झालेलं?"
"नाही. हे."
पानाला पंधरा सेंट पडतात.
तिनं सुट्टे मोजून दिले, कागद उजेडाकडे धरला,
पडवीवर बोट ठेवून काहीतरी बघितलं,
मग नोटिशीच्याच घड्यांत तो घातला.
"आता खोड."

दोनशे चाळीस चौरस फूट.
कारण विचारणारी यादी उघडते, तीत 'वादळ' निवडलं.
पुढे शेऱ्याला जागा असते.
रिकामी सोडली.

वर्षाला एकतीस डॉलर वाचतील, मी म्हणालो.
"बरं," ती म्हणाली.
सभेला येणार आहे. तीन मिनिटं बोलू देतात.
पुरतील तिला.
तीन मिनिटांत तिनं अख्खी गल्ली गोळा केली आहे, वर्षानुवर्षं.

दारातून वळली.
"हे बिल नाही ना?"
"नाही."
"ते कधी येतं?"
"नोव्हेंबरात."

पुढचा नंबर सत्तेचाळीस.
पुन्हा स्ट्रिकलंड,
पेनाचं टोपण काढून.